चौथं भोक

शिकारीचा हंगाम उघडायच्या आधीच्या शनिवारी आमच्या गावचे झाडून सगळे पुरुष रायफली तपासायला नेमबाजीच्या रेंजवर जमतात आणि आपल्या चुकलेल्या नेमाचं खापर रायफलीवरच्या दुर्बिणीवर फोडतात. मोंटानात याला पूर्वतयारी म्हणतात. मी उभा जन्म सरकारी जमिनी मोजल्या. त्यामुळे नेम चुकला की तो नेमका किती चुकला हे मी लगेच सांगतो. म्हणून लोक माझ्या शेजारचं टेबल टाळतात.

वेन्डेल टोलेफसन मात्र तेच मागून घेतो. यंदा त्याने ऑरिनची रायफल आणली होती. ऑरिन त्याचा थोरला भाऊ. गेल्या नोव्हेंबरात एल्कच्या, म्हणजे इकडच्या थोराड हरणाच्या, शिकारीला कॉफीपॉटच्या कड्यावर चढला, तो उतरलाच नाही. बर्फ वितळल्यावर रायफल सापडली, एका पाइनच्या बुंध्याला नीट टेकवून ठेवलेली. ऑरिन सापडला नाही.

पण रायफल चीज होती. साठ सालच्या आसपासची तीनशे मॅग्नम. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता गालाच्या जागी घासून गुळगुळीत झालेला, नळीचा निळा रंग उडून राखाडी पडलेला, काडतूस चढवायचा बोल्ट मात्र कालच तेल पाजल्यासारखा सरकणारा. दस्त्याच्या टोकाला रबर होतं. इतक्या वर्षांत त्याची वीट झाली होती.

"सांभाळून बस," वेन्डेल म्हणाला. "लाथ मारते."

"तुमच्या घरातलीच ना."

तो हसला. ऑरिन गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

मॅग्नमची नळी लवकर तापते. म्हणून मी एक बार काढला, थांबलो, दुसरा काढला, तेवढंच थांबून तिसरा. प्रत्येक बाराला टेबल, दात आणि पोटातली कॉफी एकदम हलली. समोरच्या मातीच्या बांधावर धूळ उठली, जळक्या दारूचा कडवट वास नाकात बसला. या वयात इतकं सुख देणाऱ्या गोष्टी डॉक्टर एकेक करून बंद करतो. ही त्याच्या नजरेतून सुटली होती.

सगळ्यांनी बंदुका रिकाम्या करून बोल्ट उघडे ठेवले आणि आम्ही नेमाचे कागद पाहायला चालत गेलो. तीन भोकं, कॉफीच्या कपाच्या तोंडात मावतील अशी. आणि डावीकडे वर, चौथं.

"मर्ल," वेन्डेल पलीकडच्या टेबलवाल्याला म्हणाला, "स्वतःचा कागद दिसत नाही का रे तुला?"

"तुझ्या कागदाला मी कशाला लागू? माझ्याच कागदाला अजून एकही लागली नाही," मर्ल म्हणाला. मग जवळ येऊन भोकावर बोट टेकवून बघितलं. "आणि माझ्या बंदुकीनं एवढं मोठं पडत नाही. हे तुमच्याच मॅग्नमचं."

दुपारी सगळे जेवायला गेले. आम्ही दोघंच उरलो. नवा कागद, त्यामागे नवा पुठ्ठा लावला. वेन्डेलने तीन बार काढले, सावकाश, सारखं थांबून.

चार भोकं. चौथं पुन्हा डावीकडे वर.

आमच्या तिन्ही भोकांच्या कडा पलीकडे फुटून वळल्या होत्या. चौथ्याच्या आमच्याकडे.

मागे फक्त बांध. दोन पुरुष उंच, भरीव माती. त्यामागे जंगल, आणि आठ मैलांवर कॉफीपॉट. मी वेन्डेलला दगडावरून उलटलेल्या गोळीची शक्यता समजावून सांगितली, कोनासकट. आजारी माणसाचं ऐकावं तसं त्याने ऐकून घेतलं.

"तीन बार," तो म्हणाला. "सारखं थांबून."

इकडची पोरं हे मुळाक्षरांच्या आधी शिकतात. डोंगरात वाट चुकली की सारख्या अंतराने तीन बार काढायचे. जो ऐकेल तो एकच काढतो. म्हणजे, ऐकलं, तिथेच थांब, येतोय.

"अरे, रेंजवर दिवसभर सगळे तीन-तीनच काढतात," मी म्हणालो.

"ऑरिनच्या रायफलीनं नाही."

तो कागदाकडे बघत बोलत राहिला.

"त्या दिवशी मी खाली तंबूत पॅनकेक उलटत होतो. वरून तीन ऐकू आले. म्हटलं, पाडला वाटतं एल्क, आता ओझं उचलायला बोलावतोय. बसू दे बोंबलत. मी एकही काढला नाही."

"शेरीफला सांगितलंस?"

"नाही. नंतर पॅनकेक खाल्ले, तेही नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "रीतीप्रमाणे तू थांबायचं. तो येईल."

"वर्षभर थांबलोच ना."

रविवारी सकाळी तो माझ्या दारात होता, पाठीवर सामान, खांद्याला त्याची स्वतःची हलकी रायफल. ऑरिनची त्याने माझ्या हातात दिली.

"उद्या दुपारपर्यंत आलो नाही तर रेंजवर जा. हिनं तीन काढ. मी उत्तर देईन."

"आठ मैलांवरून ऐकू येईल होय रे तुला?"

"ऑरिनला येतं."

"थांब, बूट घालतो."

"गुडघा बघ तुझा, म्हाताऱ्या. मग मला दोघांना शोधत बसावं लागेल."

सोमवारी दुपारपर्यंत तो आला नाही. मी शेरीफला कळवलं. त्याची माणसं कड्याकडे निघाली आणि मी रेंजवर गेलो.

चिटपाखरू नव्हतं. ऐकू यावं म्हणून मी कान झाकले नाहीत.

एक.

दोन.

तीन.

कान शिट्टीसारखे वाजत राहिले. ते शांत झाल्यावर वारा ऐकू आला. बाकी काही नाही.

मी चालत गेलो. माझी तीन, बऱ्यापैकी एकत्र. डावीकडे वर चौथं, नेहमीच्या जागी.

त्याला खेटून पाचवं. जरा लहान, हलक्या रायफलीचं.

दोन्हींच्या कडा माझ्याकडे वळलेल्या.

मी बांधाकडे पाहिलं. मग, रीत आहे म्हणून, तिथेच थांबलो.