सॅलमँकीच्या रेडिओत आहे तरी कोण?

"ताट सरळ धर, ड्वेन! पीचचा रस माझ्या बुटावर सांडतोय!"

"मग तूच धर ना! मघापासून नुसता हुकूम सोडतेयस!"

नोरीन हसली, पण आईने रेडिओवाल्यासाठी भाजून दिलेली पीचची गोड पाई काही तिने हातात घेतली नाही. ती, तिचा धाकटा भाऊ ड्वेन आणि मैत्रीण लोटी गावच्या रेडिओ केंद्राकडे निघाले होते. काही झालं तरी आज रेक्स बॅनरला पाहायचंच, असा तिघांचा बेत होता.

रेक्स बॅनर हा रेडिओवरचा नवा निवेदक. आवाज अगदी लोण्यासारखा! पण तो नावं घ्यायला लागला की अख्ख्या गावाच्या कपाळाला आठ्या पडत. नकाशात त्यांच्या गावाचं नाव सालामांका असं वाचता येतं, आणि रेक्स तसंच वाचायचा. गावात मात्र पणजोबांच्या काळापासून सॅलमँकी! स्पेनमध्ये काय म्हणतात ते स्पेनला लखलाभ. अमेरिकेतल्या दक्षिण इलिनॉयचा हा सगळा मुलूखच तसा. इथल्या कैरो गावाला केरो म्हणायचं, व्हिएन्नाला वायॅना आणि एल्डोराडोला एल्डोरेडा. आणि म्हणायचं तेही छाती पुढे काढून!

रेक्सच्या आधी मिस आयोला होत्या. चार घरांच्या वस्तीचं नावसुद्धा त्या तिथल्या माणसांच्या तोंडी असतं तसंच घेत. नोरीनच्या आईचं बारसं, लोटीच्या घराला लागलेली आग, वादळं, पूर, सगळं गावाने त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. पण केंद्राचे व्यवस्थापक मिस्टर प्रुएट यांनी एके दिवशी "तुमचा आवाज आता जुना झाला" म्हणून त्यांना घरी बसवलं.

तेव्हापासून नोरीनच्या आजोबांचा पारा चढलेला होता. गिडियन आजोबा वायॅनाच्या रस्त्यावरच्या आपल्या पीचच्या बागेत दिवसभर एकटे काम करत. गावचा धोक्याचा भोंगा तिथवर पोचत नसे. शिडीला टांगलेला रेडिओ हाच त्यांचा सोबती. रेक्सने वादळाचा इशारा दिला तर? "माझ्या गावाचं नाव ज्याला घेता येत नाही, त्याला माझ्या गावावरचं आभाळ काय दिसणार!" असं म्हणून ते काम चालूच ठेवणार. नोरीनला त्याचीच धास्ती वाटायची.

"बाबा म्हणतात, नवा माणूस आहे, शिकेल हळूहळू," लोटी म्हणाली.

"महिना उलटला, लोटी! आपल्या शाळेतल्या नव्या बाई पहिल्यांदा कॅफेत 'सालामांका' म्हणाल्या तेव्हा काय झालं?"

"सगळं कॅफे हसलं! कॅफेवाल्या मर्नाबाईंनी नाव नीट म्हणेपर्यंत त्यांना कॉफीच दिली नाही!"

"मग! इथे नवा माणूस दोन जेवणांत सुधारतो. रेक्स अजून तसाच बोलतोय, म्हणजे..." नोरीन रस्त्यातच थबकली. "तो या गावात एकदाही जेवलेला नाही!"

"काहीतरीच! आपल्या आईने पाठवलेली पाई मग कोण खातंय?" ड्वेन म्हणाला. "ताट तर दर शनिवारी रिकामं येतं!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिस्टर प्रुएट! दर वेळी तेच दारात उभे राहून म्हणत, "रेक्स कामात आहे, मी देतो हं त्याला!"

आज मात्र दारात कोणीच नव्हतं. मिस्टर प्रुएटची गाडीही नव्हती आणि गाडीवर बांधलेली होडीही नव्हती. स्वारी मासे धरायला गेली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत रेक्सचा आवाज घुमत होता, "सालामांकाच्या मंडळींनो, काय सुंदर ऊन पडलंय!"

"ऊन?" ड्वेन खिडकीकडे बोट दाखवत ओरडला. पश्चिमेचं आभाळ हिरवट काळं झालं होतं!

नोरीनने निवेदकाच्या खोलीचं दार ढकललं. खुर्ची रिकामी! मेजावर फक्त टेपचं यंत्र गरगर फिरत होतं. दूर कुठल्या तरी शहरात बसून रेक्सने आठवडाभराचं बोलणं आधीच भरून ठेवलं होतं. कोपऱ्यात हवामान खात्याचे इशारे आपोआप छापणारा टेलिप्रिंटर खडखडत होता. वाचायला कोणी नाही, आणि कागद जमिनीवर लोळतोय!

लोटीने कागद उचलला. तिचा चेहरा पांढरा पडला. "चक्रीवादळ! वायॅनाच्या बाजूने येतंय!"

"आजोबा!" नोरीन किंचाळली, आणि सुसाट सुटली ती थेट मागच्या गल्लीत. तिथे मिस आयोला आपल्या घराच्या ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या.

"मिस आयोला, चला! वादळ येतंय आणि रेडिओवर कोणीच नाहीये!"

"मला काढलंय तिथून, पोरी. पुन्हा ती पायरी चढणार नाही मी."

"आजोबा बागेत एकटे आहेत! ते तुमच्याशिवाय कोणाचंच ऐकत नाहीत. कोणाचंच!" नोरीनला रडू फुटलं.

मिस आयोलांनी एकदा आभाळाकडे पाहिलं. मांडीवरच्या शेंगा ओसरीभर सांडल्या आणि म्हातारी सपाता घालूनच पळत सुटली!

त्यांनी खुर्चीत बसता बसता रेक्सला बंद केलं आणि एक खटका दाबला. लाल दिवा लागला.

"मी आयोला बोलतेय. केरोवाल्यांनो, घरात थांबा. एल्डोरेडा, गुरं सोडा आणि तळघर गाठा! वायॅनाचा रस्ता, वादळ तुमच्या डोक्यावर आहे, आत्ताच्या आत्ता खाली! सॅलमँकी, माझ्या बाळांनो, तुम्हीसुद्धा! आणि गिडियन केसलर, तो हट्टीपणा पुरे झाला. शिडीवरून उतर आणि पळ!"

त्या एकेक नाव घेत राहिल्या. ओढ्याकाठची, टेकडीमागची, एकही वस्ती सुटली नाही. मुलं मेजाखाली शिरली तरी त्यांचा आवाज चालूच होता. मग वीज गेली आणि वादळ डोक्यावरून गडगडत निघून गेलं.

संध्याकाळी चिखलाने माखलेले गिडियन आजोबा चालत गावात आले. नोरीन त्यांच्या गळ्यातच पडली.

"बागेची पश्चिम बाजू आडवी झाली," ते म्हणाले. "माझी शिडी कुठे उडाली कोण जाणे. रेक्सचं ऊन ऐकत मी तिच्यावरच होतो, पोरी. आयोलाने नाव घेतलं म्हणून उतरलो."

सगळ्या वस्त्यांमधून कोणी ना कोणी येऊन तेच सांगत होतं. छपरं गेली, झाडं पडली, पण माणूस एकही गेलं नाही. पोलिसप्रमुख शेरिफसाहेबांनी तिघा मुलांचे हात हातात घेतले. "शाबास रे पोरांनो! आम्ही मोठी माणसं नुसती आठ्या घालत बसलो, तुम्ही दार ढकलून पाहिलंत!"

तेवढ्यात मिस्टर प्रुएट मासे घेऊन हजर झाले. गावाचे चेहरे पाहून त्यांनी मासे हळूच पाठीमागे लपवले.

"रेक्सला... म्हणजे मी..." ते पुटपुटले.

"पाई आवडली का हो त्याला?" ड्वेनने विचारलं, आणि सगळं गाव खदखदून हसलं. मिस्टर प्रुएट कानापर्यंत लाल झाले. मग सगळ्यांदेखत ते मिस आयोलांसमोर गेले आणि खालमानेने म्हणाले, "माझं चुकलं. उद्यापासून याल का?"

"येईन," मिस आयोला नोरीनच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाल्या. "पण रोज सकाळी गावाचं नाव ही पोर घेईल. माझ्यामागे कोणीतरी तयार व्हायला हवं."

दुसऱ्या दिवशी वीज आली आणि नोरीन माईकसमोर बसली. तिने माईक जवळ ओढला. लाल दिवा लागला.

"सुप्रभात, सॅलमँकी!"

आणि उघड्या खिडकीतून, पडलेली झाडं उचलणाऱ्या गाड्यांचे भोंगे तिला ओ दिल्यासारखे एकामागून एक वाजायला लागले.