कॅम तिचा, टायमिंग त्याचं

"तुमच्या गाडीला बरं नाहीये का?"

बॉनेटमध्ये डोकं खुपसलेल्या बारकीनं मान वर केली. वर्कशॉपच्या दारात छत्री धरून एक उंच, शांत डोळ्यांचा मुलगा उभा होता. बाहेर भुरभुर पाऊस... आणि आत तिची लाडकी छोटी गाडी थडथड, थडथड करत सुरू.

"बरं नाही? अहो, गातेय ती!"

"असं? मला वाटलं, खोकतेय."

झालं! बारकीच्या नाकाच्या शेंड्यावर राग, त्यात गाडीला कुणी बोललं की संपलंच. तीन बहिणींत धाकटी म्हणून बारकी, बाकी बारकं तिच्यात काहीच नव्हतं. आत्याच्या वर्कशॉपमध्ये ती इंजिनं बांधायची आणि स्वतःची गाडी घाटातल्या शर्यतीत पळवायची. गाडीचा कॅमशाफ्ट आत्यानं घासलेला. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दांडा. तो फिरला की व्हॉल्व्ह उघडतात आणि इंजिन श्वास घेतं. आत्याचे उंचवटे चांगले भरदार असत. त्यामुळे गाडी हळू चालवली की कुरकुर करायची, पण एकदा वेगात आली की कुणाच्या बापाला ऐकायची नाही.

"हिला व्हीव्हीटीची चकती असते ना?" त्यानं हळूच विचारलं. "व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी? हळू चालताना एक वेळ, पळताना दुसरी..."

"होती. बांधून टाकली मी. जागची हलत नाही आता."

"बांधून टाकली?" बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला. "मी कंपनीत त्या चकत्याच बनवतो हो."

"मग दुतोंडी आहे तुमची चकती. घडीत एक, घडीत दुसरं! आमचा कॅम बघा, एकदा घासला की घासला. शब्द फिरवत नाही."

"फिरवत नाही... पण सिग्नलला बंद पडतो."

तिला हसायचं नव्हतं. हसू आलं, त्याला ती काय करणार?

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. धातू कातायच्या लेथवरून आत्या ओरडायची, "अगं, तुझा कंपनीवाला आलाय गं!"

"माझा कशाला?"

"मग काय, माझा?"

बारकी लाल व्हायची आणि उगाच एखादा घट्ट बोल्ट आणखी घट्ट करत बसायची. तो तिला 'वस्ताद' म्हणायचा. बाह्या दुमडून शेजारी उभा राहायचा, पाना मागायच्या आत हातात द्यायचा... आणि देताना बोटं लागली की दोघंही एकदम इंजिनाकडे बघायला लागायचे. पत्र्यावर पाऊस टिपटिपत असायचा. ऑइलच्या वासात त्याच्या धुतलेल्या शर्टाचा वास मिसळायचा. बारकीला वाटायचं, ही संध्याकाळ अशीच सावकाश चालत राहावी. आणि हे कुणाला वाटत होतं? सावकाश या शब्दाचा जिला जन्मभर कंटाळा, तिला!

"वस्ताद, एक वेडेपणा करू या?" एकदा तो म्हणाला. "कॅम तुमचा, टायमिंग माझं. चकती सोडवू या. सिग्नलला शहाणी, घाटात पिसाट. एकाच गाडीत."

"जमेल?"

"तुम्ही म्हणाल तसं."

हे एक होतं बघा त्याचं. चहा की कॉफी? तुम्ही म्हणाल तसं. बसायचं की निघायचं? तुम्ही म्हणाल तसं. आधी गोड वाटलं. मग बारकीला ते टोचायला लागलं. या माणसाला स्वतःचं काही हवं असतं की नाही?

आणि एका संध्याकाळी रुमाल घडी करता करता तो सहज म्हणाला, "कंपनी मला समुद्रापार पाठवतेय. तीन वर्षं. सोमवारी कळवायचंय."

बारकीचा पाना बोल्टवरून सटकला. तरी तिनं हसून विचारलं, "मग? जाणार?"

त्यानं रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. आणि म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

असा राग आला तिला! जा म्हणायला जीभ वळेना, आणि थांब म्हणायला ती याची कोण? त्याला थांबायचं असेल तर त्यानं बोलावं की! तिनं पाना ठेवला आणि हात धुवायला निघून गेली. हात कितीतरी वेळ धूत होती, डोळेही.

रविवारी शर्यत होती. चकती दोघांनी एव्हाना सोडवली होती. शुक्रवारी आत्यानं नवा, आणखी उंच कॅम दिला आणि बारकीनं मातीची परीक्षा घेतली. पिस्टनवर मऊ माती थापायची, वरचं झाकण, म्हणजे हेड, बसवायचं, इंजिन हातानं फिरवायचं आणि हेड पुन्हा उघडून बघायचं, व्हॉल्व्ह मातीत किती रुतले. माती पुरेशी जाड उरली तर ठीक. नाही तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार आणि इंजिनाचा चुरा. त्यानं नि तिनं मिळून पाना धरला, श्वास रोखून हळूहळू फिरवला. माती छान जाड उरली होती.

"बघा!" बारकी लहान पोरीसारखी उडी मारून म्हणाली. "बसतोय की नाही?"

त्यानं तोंड उघडलं. तिचा चेहरा पाहिला. तोंड मिटलं.

"तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी तो यायच्या आतच सगळं जोडून बारकी गाडीत बसली. चावी फिरवली... आणि काय सांगू! थडथड नाही, कुरकुर नाही. गाडी झोपलेल्या बाळासारखी मऊ श्वास घेत होती. बारकीला भरून आलं. आता एकदा जोरात दाबून बघू, म्हणून तिनं पाय उचलला...

"नाही! पाय काढा! नाही म्हणतोय ना!"

रस्त्यावरून धावत, चिखल उडवत तो आला, खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवून गाडी बंद केली. दम लागला होता त्याला, केस कपाळाला चिकटलेले. त्याचा चढलेला आवाज तिनं आजवर ऐकलाच नव्हता.

"काल चकती झोपलेली होती," तो म्हणाला. "हातानं फिरवताना झोपलेलीच असते. गाडी पळाली, ऑइलचा दाब चढला की जागी होते आणि व्हॉल्व्ह लवकर उघडते. मग ते पिस्टनवर आपटतील, वस्ताद. तुम्हाला बांधलेल्या चकतीची सवय, म्हणून लक्षात नाही आलं."

खरंच होतं. बारकीनं कपाळावर हात मारला. मग तिच्या अंगाचा भडका उडाला.

"काल माहीत होतं तुम्हाला?"

"हो. तुम्ही इतक्या खुशीत होतात... म्हटलं, आज कॉम्प्युटरवरून चकतीला गुपचूप आवर घालू. तुम्हाला कळायलाही नको."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझी चूक मला सांगायची! हो ला हो करणारे शंभर मिळतील मला. मला..." तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला काय हवंय, ते कधी बोलणार आहात का नाही? की सोमवारी तेही गुपचूपच?"

लेथ थांबला. आत्या शहाणी, पाठ फिरवून काहीतरी पुसत बसली.

"मला जायचं नाहीये," तो म्हणाला. सावकाश, पण एकेक शब्द ठाम. "तुम्ही जा म्हणालात तरी नाही जाणार. तुम्ही उद्या दार लावून घेतलंत तरी याच गावात राहीन. माझं प्रेम आहे तुमच्यावर. यात तुम्ही म्हणाल तसं होणार नाही."

बारकी गाडीतून उतरली. ग्रीसचे हात तसेच त्याच्या शर्टावर ठेवून तिनं कपाळ त्याच्या छातीला टेकवलं.

"मला वाटलं, जाशील तू," ती पुटपुटली. "मला नको होतं रे तू जायला. रोज रडत होते मी, मूर्खा."

त्याचे हात अलगद तिच्या पाठीवर आले. पाऊस थांबला होता. पत्र्यावरून थेंब तेवढे ओघळत होते. कुणीच घाईत नव्हतं.

मग इंजिन पुन्हा उघडायला घेतलं. कॉम्प्युटर चुकला तरी चकती जास्त फिरू नये, म्हणून आत्या लेथवर तिला अडसर घडवणार होती, आणि त्याला रविवारची संध्याकाळ होणार होती. म्हणजे शर्यत हुकली. बारकीची पहिल्यांदाच. तिला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला? पण हेडचे बोल्ट सोडवताना ती गुणगुणत होती.

"पुढच्या वर्षी आहेच की घाट," ती म्हणाली, आणि मग जरा घाबरत, मान वर न करता, "तू शेजारी बसशील ना?"

"शेजारी नाही," तो म्हणाला. "अर्धा घाट मी चालवणार."