कपारीतले दोन कॅन

सन दोन हजार अठरा. थंडी सरत आलेली. फेब्रुवारीची पंधरा तारीख, गुरुवार, अमावस्या. तारीख मुद्दाम सांगतो, नंतर कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं मनचं रचलं. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा साडू. अजून जिवंत आहे. तुम्ही सकाळी कॅमेरे घेऊन त्याच डोंगरावर जाणार, म्हणून सांगतोय. बसा. मोबाइल खिशात ठेवा.

साडू फोटो काढायचा. उघडे डोंगर, वाळू, गिधाडं, रानबकरे. एका फोटोला मोठं बक्षीस मिळालं होतं. करपलेला डोंगर, खडकातल्या खळग्यात पाणी, आणि लांब शिंगांचा रानबकरा वाकून पितोय. शिंगं पाण्यात उलटी दिसतात. माझ्या बायकोनं तो फोटो बाहेरच्या खोलीत लावला होता. येणारा-जाणारा विचारायचा, इतक्या कोरड्या डोंगरावर पाणी आलं कुठून? साडू म्हणायचा, "नशीब लागतं."

त्या गुरुवारी तो एका कॅलेंडरच्या कामासाठी आला होता. कॅलेंडरवाल्यांना चांदण्यांखालचा डोंगर हवा होता. माझ्याकडे जेवला आणि चार वाजता डोंगराच्या पायथ्याशी पोचला. तिथं एकच दुकान आहे, पंक्चरचं. ते मुक्याची मुलगी चालवते.

मुका म्हणजे या डोंगराचा वाटाड्या. मुका नव्हता. फुकट बोलायचा नाही, एवढंच. तीस वर्षं त्यानं लोकांना डोंगर पार करून दिला. अर्ध्या वाटेवर खिंड लागते आणि खिंडीत एक कपार आहे. त्या कपारीत पाण्याचे दोन कॅन असतात, दहा-दहा लिटरचे. ही पद्धत मुक्यानं पाडली. तहान लागली तर प्या, कोणाला विचारायचं नाही. भरलेला कॅन उभा, झाकणावर दगड. संपवलात तर उपडा करून ठेवा, म्हणजे पुढच्याला लांबूनच कळतं. खाली येऊन सांगा. जो वर जाईल तो भरून नेईल. या डोंगरावर दुसरा कायदा नाही.

मुलगी चाक खोलत होती. मान वर न करता म्हणाली, "काका, वर चाललाय तर एक कॅन न्या. दोन्ही उपडे आहेत."

"पोरी, माझ्या पाठीवर आधीच पंधरा किलो आहे."

"बाबा वीस न्यायचे. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, म्हणून जमत असेल."

साडू हसला. "परत येताना बघू."

"परत येताना वर कोण जातं, काका?"

साडू चालू लागला.

आता मुका कसा गेला ते ऐका. दोन हजार सोळाचा मे महिना. त्यानं दोघांना डोंगरापलीकडे सोडलं. त्यातल्या एकाला ऊन लागलं होतं, म्हणून स्वतःचं पाणी त्यांना देऊन टाकलं आणि एकटा परत फिरला. खिंडीत कॅन आहेत, या भरवशावर. तिसऱ्या दिवशी कपारीत सापडला. जीभ सुजलेली. शेजारी दोन्ही कॅन उपडे.

सगळा बाजार म्हणाला, म्हाताऱ्याचं वय झालं. रिकामे आहेत हे विसरला. दुसऱ्यांना नियम शिकवता शिकवता स्वतःच चुकला. मीही म्हणालो. याच तोंडानं म्हणालो. मुलगी ओरडून सांगत होती, "आठवड्यापूर्वी मी आणि बाबांनी दोन्ही भरून ठेवले होते!" कोणी ऐकलं नाही. लेक आहे, बापाची बाजू घेणारच, असं म्हणून आम्ही चहा प्यायलो.

असो.

साडू खिंडीत पोचला तेव्हा सूर्य टेकला होता. त्यानं कपारीकडे पाहिलं आणि थबकला. मुलगी म्हणाली होती, दोन्ही उपडे. इथं दोन्ही उभे होते. झाकणांवर दगड. कोणीतरी भरून ठेवले असतील, असं त्यानं मनाला सांगितलं. जवळ मात्र गेला नाही.

समोर पंचवीस पावलांवर त्यानं स्टँड रोवला. कॅमेऱ्याचं तोंड कपारीकडे आणि तिच्या वरच्या कड्याकडे. दर मिनिटाला एक फोटो, आपोआप. असे शेकडो फोटो जोडले की आभाळ फिरलेलं दिसतं. पाण्याच्या दोन बाटल्या उशाशी ठेवल्या, दुकानातल्या, सीलबंद. पांघरूण ओढून झोपला.

एक वाजून दहा मिनिटांनी जाग आली.

टक्.

प्लास्टिकवर दगड ठेवल्यासारखा आवाज. त्यानं टॉर्च मारला. कोणी नव्हतं. वाराही नव्हता. उठलोच आहोत तर फोटो बघू, म्हणून तो कॅमेऱ्यापाशी गेला आणि स्क्रीन लावली.

पहिले फोटो चांगले होते. कडा, चांदण्या. मग एका फोटोत कड्याच्या टोकावर ठिपका आला. पुढच्या फोटोत ठिपका खाली. पुढच्यात आणखी खाली. आता तो माणूस आहे हे कळत होतं. एक हात खडकाला, गुडघे वाकलेले.

साडूनं मान वर केली. कडा मोकळा होता.

स्क्रीनकडे पाहिलं. माणूस कपारीत पोचला होता.

पुढचा फोटो. दगड बाजूला. पुढचा. कॅन तोंडाला लावलेला. पुढचा... कॅन आणखी वर. पुढचा... अगदी उभा धरलेला. मग दुसरा कॅन. तोही तसाच.

मग नुसता बसलेला.

दहा फोटो. वीस फोटो. बसलेला.

नंतर तो गुडघ्यांवर आला. एक कॅन उपडा केला. त्याला त्यासाठी चार फोटो लागले. चार मिनिटं. मग दुसरा उपडा केला. सहा मिनिटं.

मग आडवा झाला.

चक्. कॅमेऱ्यानं नवा फोटो घेतला. काळा. कडा नाही, चांदणी नाही. साडूनं डोळ्यांनी पाहिलं. आभाळ चांदण्यांनी भरलेलं होतं.

चक्. पुन्हा काळा.

भिंगासमोर कोणीतरी उभं होतं.

घसा कोरडा पडला. बाटली उचलली. हलकी लागली. झाकणाचं सील तसंच होतं... आत थेंब नव्हता. दुसरी उचलली. सील तसंच. थेंब नाही.

"कोण आहे?"

...

"मुक्या..."

...

मग साडू बोलला. रिकाम्या खिंडीत, मोठ्यानं. "मी ओतलं. दोन्ही कॅन मीच ओतले."

त्या मे महिन्यात, बक्षिसाच्या फोटोसाठी, तो पाच दिवस दबा धरून बसला होता. बकरा जवळ येईना. सहाव्या दिवशी त्यानं कपारीतलं वीस लिटर पाणी खळग्यात ओतलं. पहाटे बकरा आला. फोटो झाला. मग कॅन उपडे करायला हवे होते. पण खाली मुलीनं विचारलं असतं, कोणी संपवले? म्हणून उभे ठेवले. झाकणं लावली. वर दगड ठेवले. उद्या भरून आणू, असं मनाशी म्हणाला आणि त्याच संध्याकाळी शहराच्या गाडीत बसला. तीन दिवसांनी मुका त्या कड्यावरून उतरला. लांबून त्याला दोन्ही कॅन उभे दिसले.

कळलं का, पोरांनो? फसवून मारलेला माणूस. अंगात उठायची ताकद नाही. तरी त्यानं दोन्ही कॅन उपडे केले, का, तर पुढचा फसू नये. आणि आम्ही त्याच उपड्या कॅनांकडे बोट दाखवून म्हणालो, म्हातारा चुकला.

चक्.

या फोटोत कडा होता, चांदण्या होत्या. कपारीत दोन्ही कॅन उपडे होते.

साडू रात्रभर पडत-धडपडत उतरला. सात वाजता दुकानापाशी पोचला. जीभ टाळूला चिकटलेली. मुलगी शटर उघडत होती. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आधी प्या."

त्याला वाटलं, सुटलो.

"आता बाजारात चला. माझ्या बापाला चुकला म्हणणारे सगळे तिथं आहेत. त्यांना सांगा."

त्यानं सांगितलं. मी चहाच्या टपरीवर होतो. मोजून बारा माणसं होती, एकाचीही मान वर नव्हती. मी घरी गेलो आणि बकऱ्याचा फोटो भिंतीवरून उतरवला. बायकोनं विचारलं, "अहो, काय झालं?" मी म्हणालो, "खिळा खराब होता."

मुलीनं दोन कॅन गळ्यापर्यंत भरले. साडूसमोर ठेवले. "उचला."

"दोन्ही?"

"ओतले किती?"

वीस किलो पाठीवर, ऊन डोक्यावर. ती मागून रिकाम्या हातांनी चालत होती. चारदा पडला. तिनं हात दिला नाही. दिवस मावळता मावळता खिंड आली. जुने उपडे कॅन तिनं काढून घेतले. साडूनं नवे उभे केले, झाकणं आवळली, दगड ठेवले. दोघं समोरच्या खडकापाशी रात्रभर जागे बसले. कोणी आलं नाही. आवाज झाला नाही.

उजाडल्यावर ती कपारीत गेली. दोन्ही दगड जागेवर. दोन्ही झाकणं आवळलेली. खालचा खडक कोरडा. एक कॅन गळ्यापर्यंत भरलेला.

दुसऱ्यात पाणी दोन बोटं कमी होतं.

तिनं झाकण लावलं. दगड परत ठेवला.

"फिटलं," म्हणाली.