दुसऱ्याच्या नंबरची कडी

त्या काळात साठीपुढचं फारसं कुणी स्वतःच्या कानांनी ऐकत नसे. लहानपणापासून इयरफोन घालून वाढलेली ती पिढी. केस पिकायच्या आधीच तिचे कान गेले. म्हणून घरोघरी भिंतीवर, विजेच्या मीटरशेजारी, एक स्विच बसवलेला असे. दिवा लावायचा बटणाचा स्विच नव्हे, हा वाटाड्या. छतातले मायक्रोफोन घरातला आणि दाराबाहेरचा प्रत्येक आवाज त्याच्याकडे पाठवत आणि तो कुणाच्या कानात किती पोचवायचा, हे स्विच ठरवी.

स्विचला खोबण्या असत, माणशी एक. खोबणीत करंगळीएवढी धातूची पट्टी बसे, तिला कडी म्हणत. स्विचला फक्त विजेची भाषा कळते आणि कानामागे बसवलेल्या मण्याला फक्त प्रकाशाची. कडी ही दोघांमधली दुभाषी. ती विजेच्या खुणांचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश करी, तो खोल्यांतून पसरे, मणी तो झेलून मेंदूकडे धाडी. उलट दिशेनेही निरोप जाई: मेंदू कोणत्या आवाजाला सावध होतो आणि कोणता सोडून देतो, हे मणी कळवी. त्यावरून स्विच हळूहळू शिके. ज्याकडे लक्ष जाई तो आवाज मोठा, ज्याकडे जात नसे तो बारीक. या शिकलेल्या हिशेबाला 'ओढ' म्हणत, आणि ती कडीच्या नंबराखाली स्विचमध्ये साठलेली असे.

कराडच्या मृण्मयी साळवींच्या घरी वीज पडली आणि त्यांच्या खोबणीचा कोळसा झाला. कडी गेली, तिचा नंबर गेला, मागची ओढही गेली. शेजारची खोबणी त्यांच्या नवऱ्याची, तन्मयची. तो जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण त्याची कडी काढायला मृण्मयीबाईंचा हात धजला नव्हता. तिचा हिरवा ठिपका लुकलुकत राही, तेवढीच घरात सोबत. विजेने तो ठिपकाही विझवला.

श्रवणशास्त्रज्ञ डॉ. नाजनीन मुजावर घरी आल्या, तोवर मृण्मयीबाईंनी कित्येक दिवस कुणाचा शब्द ऐकला नव्हता. कॅनडाहून मुलगी, सई, फोन करी. पडद्यावर तिचे ओठ हलत आणि खाली अक्षरं उमटत. अक्षरांना हुंदका नसतो, हसू नसतं. मृण्मयीबाईंना एवढंच हवं होतं, सईचा आवाज.

कंपनीने हा नमुना बंद केला होता. डॉक्टरांनी दुसऱ्या कारखान्यातली कडी आणली होती. तोच प्रकाश, तेवढीच ताकद. तन्मयच्या खोबणीत सरकवली तर स्विचने लाल दिवा दाखवला. का, म्हणून बाईंनी खुणेने विचारलं. डॉक्टरांनी मोबाइलवर लिहून समजावलं की स्विच कडीचं काम बघतच नाही. आधी तिच्या स्मृतीत कंपनीची खूण आणि नंबर आहे का, ते वाचतो. गाणं कितीही सुरेल असो, गाणाऱ्याचं नाव यादीत नसेल तर हा दार उघडत नाही.

तन्मयच्या कडीतला प्रकाश देणारा भाग जळला होता, पण स्मृती शाबूत होती. डॉक्टरांनी तिच्यातला नंबर वाचून नव्या कडीत लिहिला. दिवा हिरवा झाला.

आणि घर आवाजांनी भरून गेलं. दोन गल्ल्या पलीकडच्या मैदानावर बॅटला लागलेला चेंडू. रिक्षाचं इंजिन, आणि त्यातलं पिस्टन झिजलंय हेही कळावं इतकं स्पष्ट. सईला फोन लावला, तर ती बाजूला बसल्यासारखी.

"आई, ऐकू येतंय तुला? अगं, बोल ना."

मृण्मयीबाई बोलल्या. त्यांचे ओठ हलले, घसा थरथरला, कानात काहीच आलं नाही. पलीकडे सई मात्र हसून उत्तरं देत होती, म्हणजे शब्द पोचत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांना कडीतच खोट वाटली. त्यांनी बाईंचा आवाज मोबाइलवर टिपून लावला. पडद्यावर रेघा उड्या मारत होत्या, बाईंच्या कानात शांतता. मग डॉक्टरांनी स्विचमधला ओढीचा तक्ता उघडला आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"नाजनीन, काय आहे ते सांग. मी काय आता रुसून माहेरी जाणार आहे?"

"काकू, नंबर काकांचा आहे, म्हणजे ओढही काकांचीच. तुम्ही आत्ता त्यांच्या कानांनी ऐकताय."

"मग माझा आवाज?"

डॉक्टरांनी तक्ता मिटला. "मन सरावलेल्या आवाजाला सोडून देतं, काकू. पंख्याची घरघर आपण ऐकतो का?"

"पंखा," मृण्मयीबाई म्हणाल्या. हेही त्यांना ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी मार्ग सांगितला: तक्ता आत्ताच पुसता येईल, मग नंबर तोच राहील आणि ओढ त्यांची स्वतःची बनेल. पण पुसलेलं परत येणार नाही. आणि पुसलं नाही, तरी वापरता वापरता तो महिन्याभरात आपोआप बदलेलच. तन्मयचं या घरात जे काही उरलं होतं, ते एवढंच. बाईंनी उद्या सांगते म्हटलं.

एकट्या झाल्यावर त्यांनी बोलून पाहिलं. तन्मयचं नाव घेतलं, नाही. त्याच्याशी केलेली जुनी भांडणं पुन्हा केली, नाही. "पान वाढलंय" म्हणाल्या, तेव्हा स्वतःचा आवाज अगदी लख्ख आला. "किल्ली कुठंय", तोही आला. त्या हसल्या, हसणं आलं नाही. संसारातले एवढेच शब्द त्याच्यापर्यंत पोचले होते. बाकी सगळं त्याच्या लेखी पंख्याची घरघर होतं.

रडताना ठसका लागला आणि त्या दचकल्या. तो खोकला घरभर घुमला. चेंडूपेक्षा, रिक्षापेक्षा, सईपेक्षाही मोठा. रात्ररात्र जागून कुणीतरी कान देऊन ऐकल्याशिवाय आवाज इतका मोठा होत नाही.

मृण्मयीबाई ओल्या डोळ्यांनी हिरव्या दिव्याकडे बघत राहिल्या. मग त्या पुन्हा खोकल्या, मुद्दाम.