तिसऱ्या अंकातला मार

तुम्हाला पटो न पटो, हे घडलंय. तिथं दीड-दोनशे माणसं बसली होती. त्यातली निम्मी अजून या विषयावर तोंड उघडत नाहीत.

गाव खानापूर तालुक्यातलं. नाव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वीचा मार्च, रविवार, दुपारचे चार. रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

जिच्या वडिलांमुळे हे घडलं ती मंगलआक्का माझी चुलत बहीण. बेळगावात खासबागला राहते, शाळेत शिकवते. तिचे वडील भावकूआप्पा त्याच्या वर्षभर आधी झोपेतच गेले होते.

भावकूआप्पा गावच्या नाटकातले खलनायक. तीस वर्षं एकच नाटक, एकच काम. बांधाच्या भांडणात धाकट्या भावाला काठीनं ठेचून मारणारा थोरला. धाकटा व्हायचा यल्लाप्पा, त्यांचा जिवाभावाचा दोस्त. तिसऱ्या अंकातला तो मार बघायला निपाणीहून लोक गाड्या करून यायचे. काठी यल्लाप्पाच्या डोक्याशेजारी स्टेजच्या फळीवर बसायची, पण आवाज असा की बायका डोळे मिटून घ्यायच्या.

घरी या माणसानं कधी कोंबडी कापली नाही. प्रयोग संपला की त्यांचे हात थरथरत. लहानगी मंगल पडद्यामागं जायची, दोन्ही हात धरून म्हणायची, "आप्पा, खेळ संपला." मग ते हळूहळू निवायचे.

वर्ष भरलं तेव्हा गावानं ठरवलं, नुसता फोटोला हार नको. भावकूचा तिसरा अंक करायचा.

थोरल्याचं काम आदर्शला दिलं. पंचविशीतला, कारखान्यात नोकरी करणारा साधा पोरगा. धाकटा मात्र यल्लाप्पाच. वय सहासष्ट. लोक नको म्हणाले, तो ऐकेना.

"भावकूच्या नावानं हाय. माझ्याबिगर कसं हुईल?"

देवळासमोरच्या स्टेजवर अंक सुरू झाला. आदर्श पार गांगरलेला. दोनदा वाक्य विसरला. लोक हसले.

मग त्यानं काठी उचलली.

आणि थांबला...

मंगलआक्का पहिल्या रांगेत होती. तिच्या नजरेत आधी आला तो आदर्शचा डावा खांदा. तो हळूच खाली उतरला. शेतात पडल्यापासून आप्पांचा डावा खांदा तसाच उतरलेला असायचा.

देवळामागच्या पिंपळावरचे कावळे गप्प झाले.

मग आवाज आला... घोगरा, छातीतून निघणारा.

"बांध सरकवतोस व्हय रं?"

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरानं भावकू हुबेहूब काढला."

मंगलआक्काचे हात मात्र टाळीसाठी उचललेच नाहीत. तो आवाज काढलेला नव्हता. तो आवाज होता.

पहिली काठी फळीवर बसली.

दुसरी फळीवर बसली नाही.

आवाज वेगळा आला... ओला.

तिसरीला यल्लाप्पाचा हात कोपराखाली उलटा वळला. चौथीला जबडा एका बाजूला गेला. तोंडातून रक्ताबरोबर दात बाहेर आले, फळीवर घरंगळले. लोक टाळ्या वाजवतच होते. त्यांना वाटलं, रंग आहे.

यल्लाप्पा ओरडला नाही. नुसते ओठ हलले.

पाचवी. सहावी. बरगड्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

यल्लाप्पाची बायको नागुबाई उठून उभी राहिली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या शांतपणे म्हणाली, "तो रंग न्हाय."

टाळ्या बंद पडल्या.

चार गडी स्टेजवर धावले. आदर्शनं एकाला नुसत्या कोपरानं झटकलं, तो खाली पडला आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. बाकीचे आदर्शच्या अंगाला लोंबकळत राहिले. काठी थांबेना.

मंगलआक्का वर कशी चढली तिलाच आठवत नाही. तिनं आदर्शचे दोन्ही हात धरले. इतक्या उन्हात हात गार होते... विहिरीच्या तळासारखे.

"आप्पा, खेळ संपला."

चेहरा तिच्याकडे वळला. चेहरा आदर्शचाच. पण नजरेनं तिला ओळखलं.

हात थरथरू लागले. काठी पडली.

मग आदर्श गुडघ्यावर बसला, भडाभडा ओकला. समोर पडलेल्या यल्लाप्पाकडे बघून त्यानं विचारलं, "आक्का, माझं काम झालं काय?"

यल्लाप्पाला बेळगावला नेलं. हात दोन ठिकाणी मोडलेला, जबडा, तीन बरगड्या. पोलिसांना त्यानं कागदावर लिहून दिलं, स्टेजवरून पडलो.

दीड महिन्यानं जबड्याच्या तारा काढल्या. मंगलआक्का भेटायला गेली. त्यानं सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

"पोरी, एक गोष्ट कुणालाच ठावं न्हाय. भावकू दर काठीमागं वाकून हळूच इचारायचा, 'लागलं न्हाय नव्हं, यल्ला?' मी ओठातल्या ओठात न्हाय म्हणायचो. मगच पुढची काठी."

यल्लाप्पानं एकदा दाराकडे बघितलं.

"त्या दिशी बी इचारलं. दर काठीमागं."

"मग तुम्ही काय म्हणालात, काका?"

"न्हाय म्हणलो."

गोष्ट इथं संपायला हवी होती.

यल्लाप्पा घरी आला. पंधरा दिवसांनी नागुबाईचा फोन. रोज चारच्या सुमाराला हा माणूस आतल्या खोलीत पडतो. दार लावून घेतो. आतून त्याचा एकच शब्द येतो... थांबून थांबून...

"न्हाय... न्हाय..."

आणि बाहेर येतो तेव्हा अंगावर नवा वळ असतो.

मंगलआक्का धावत गेली. त्याच्यापुढं अक्षरशः हात जोडले.

"काका, एकदा तरी सांगा त्यांना, लागतंय म्हणून. त्यांना कळत नसेल. आप्पा लगेच थांबतील."

यल्लाप्पा हसला. पुढचे दात नव्हते.

"थांबंल की. मला ठावं हाय. पण मग परत येईल व्हय?"



गेल्या महिन्यात नागुबाईचा पुन्हा फोन आला. यल्लाप्पाचा दुसरा हातही मोडलाय. खोलीत तो एकटाच होता. दाराला आतून कडी होती.

मंगलआक्काची शाळा चारला सुटते. त्या वेळी फोन वाजला तर ती लगेच उचलत नाही. हातात धरून उभी राहते... वाजू देते.