पांढऱ्या शर्टावरचे लाल थेंब

जाळी डोक्यावरून थेट खांद्यापर्यंत आली, तेव्हा ती किंचाळलीसुद्धा नाही. किंचाळायला श्वास लागतो, आणि तो घशातच अडकला होता. हातात पाण्याची झारी, केसांत चिमटा आणि वर ही पांढरी जाळी!

"हलू नका—" कुंपणापलीकडून आवाज आला. "म्हणजे... हला, पण हळू. तुमच्या कानाजवळ आहे."

"काय आहे?"

"फुलपाखरू."

"मग ते बाहेर आणि मी जाळीत कशी?"

"नेम चुकला."

"चांगला माणसाच्या डोक्याएवढा चुकला!"

तो कुंपणावरून उडी मारून आत आला. येताना शर्टाची बाही तारेला अडकून फाटली. जाळी काढायला गेला, तर ती चिमट्यात अडकून टर्रकन फाटली. आता तो ओशाळला आणि तिला हसू आवरेना. शेजारच्या दवाखान्यातले दातांचे मोठे डॉक्टर विश्रांतीला गेले होते, त्यांच्या जागी आलेला हा बदली डॉक्टर. तिने त्याला लांबून पाहिलं होतं, पण असा हातभर काठीला जाळी लावून धावताना नव्हे.

"द्या इकडे दोन्ही," ती म्हणाली. "मी रफूच करते."

खरंच करायची. पुढच्या खोलीत तिचं काम चाले. फाटलेला कोट तिच्या हातून गेला की फाटलं कुठे होतं ते मालकालाही सापडत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो जाळी न्यायला आला, शर्ट मात्र राहू दिला, आणि बागेतच बसला. मग रोजच बसू लागला. तिच्या आईने लावलेला गुलखैरा भिंतीला लागून पुरुषभर वाढला होता. त्याच्या गुलाबी फुलांभोवती ती फुलपाखरं भिरभिरत. नारिंगी पंख, टोकाशी काळा रंग आणि त्यावर पांढरे ठिपके.

"वरून बघून ओळख सांगायची नाही," तो तिला शिकवी. "वरून दोन-तीन जाती सारख्याच वाटतात. शांत बसायचं. त्याने पंख मिटले की खालच्या बाजूला बघायचं. मागच्या पंखावर छोट्या डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग असते. ती दिसली की हेच."

"नाव काय?"

"इंग्रजीत पेंटेड लेडी. म्हणजे... नटलेली बाई."

"मग माझी-तिची ओळख व्हायची नाही. मला पावडर लावायलाही वेळ नसतो."

"तुम्हाला कशाला लागते?" तो बोलून गेला आणि घाईघाईने फुलाकडे बघू लागला. कान मात्र लाल झाले.

एवढंसं पाखरू डोंगर, वाळवंट, समुद्र ओलांडून जातं, हे त्यानेच तिला सांगितलं.

"आणि परत येतं?"

"जे जातं ते येत नाही. त्याची पोरंनातवंडं येतात."

"त्यांना रस्ता कोण सांगतं?"

"तेच तर नवल..." तो तिच्याकडे बघत म्हणाला. "मोठे डॉक्टर परत येईपर्यंत मी आहे. नवी फुलपाखरं निघाली की तुम्हाला एक विचारायचंय."

काय, ते त्याने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी तिच्या हातून सुई दोनदा बोटात गेली.

आणि मग तिने घोळ घातला.

गुलखैऱ्याची पानं कुरतडलेली दिसत होती. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, आत गुंडाळलेल्या काटेरी काळ्या अळ्या. तो यायच्या आधी बाग लख्ख करावी म्हणून तिने बादलीभर साबणाचं पाणी केलं आणि झाड न् झाड धुऊन काढलं. खराब पानं तोडून टोपलीत भरली.

तो आला. टोपलीत डोकावला आणि जागच्या जागी थिजला.

"बघा, कशी झाली बाग!" ती म्हणाली.

"ही त्यांचीच पिल्लं होती..."

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि हातातली बादली खाली पडली.

"सुंदर तेवढं हवं," तो कडवटपणे म्हणाला, "बाकीचं धुऊन टाकायचं!"

तो गेला. रफू केलेला शर्टही न नेता गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. ती आपल्या हातांकडे बघत राही. दुसऱ्याचं फाटलेलं जोडणारे हे हात!

वडील जेवताना म्हणाले, "जाऊन बोल त्याच्याशी."

"कुठल्या तोंडाने, बाबा?"

"आहे त्याच. तुझी आई आणि मी भांडलो की मी अबोला धरायचो. फार मोठेपणा वाटायचा त्यात. आता बोलायला वेळच वेळ आहे, माणूस नाही." आणि ते ताटातलं टाकून उठले.

तरी तिचा धीर होईना. उद्या, उद्या करत आठवडा उलटला.

मग एका सकाळी ती कामाच्या खोलीत आली आणि दारातच उभी राहिली. त्याच्या पांढऱ्या शर्टावर, ऐन छातीवर, रक्ताचे थेंब होते. ताजे, लालभडक. तिने मान वर केली. शर्टाच्या हँगरला, आतल्या बाजूला, एक कोष लटकत होता. दाराशी ठेवलेल्या टोपलीतून निसटलेली एखादी अळी तिथवर चढली असणार. कोष उकलला होता आणि त्याला चुरगळल्या पंखांचं ओलं पाखरू लोंबकळत होतं.

तिने हँगर तसाच अलगद उचलला आणि अनवाणीच दवाखान्यात शिरली.

खुर्चीत बेकरीवाल्या मावशी तोंड उघडून बसल्या होत्या. अर्धा जबडा बधिर.

"डॉक्टर, याला रक्त येतंय! एकच वाचलं होतं... हेही माझ्याच घरात मरतंय!"

रोज रक्त बघणारा तो, पण शर्ट बघून त्याचाही चेहरा पांढराफटक पडला. मग तो वाकला आणि श्वास रोखून बघत राहिला.

"हे रक्त नाही," तो कुजबुजला. "कोषात पंख रंगवून झाले की उरलेला रंग बाहेर टाकतात. वाचलं होतं मी. बघतोय पहिल्यांदाच."

चुरगळलेल्या रुमालाला कुणी आतून इस्त्री करावी, तसे पंख सरळ होऊ लागले. मावशीसुद्धा मान वळवून बघू लागल्या.

"त्या दिवशी मी जे बोललो..."

"खरं बोललात."

"दुष्टपणे बोललो. नंतर रोज कुंपणापर्यंत यायचो आणि परत फिरायचो."

"मग आज बोला. काहीतरी विचारायचं होतं ना?"

"इथे?" त्याने मावशींकडे बघितलं. मावशींनी हातानेच खूण केली, बोल बोल!

"मोठे डॉक्टर सोमवारी येतायत. मला दुसऱ्या गावी काम मिळालंय. मी जाईन, पण... परत इथेच यायचंय. तुमच्याकडे. कायमचं. चालेल?"

"जे जातं ते येत नाही म्हणाला होतात."

"ते फुलपाखराचं. मला रस्ता माहीत आहे."

तिने हँगर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"अगं हो म्हण की!" मावशी बधिर जिभेने बोबडं ओरडल्या. "माझ्या जबड्याची गुंगी उतरायची वेळ आली!"

"आज नेम बरा लागला तुमचा," ती कशीबशी म्हणाली. आणि रडता रडता हसली.

फुलपाखराने तेवढ्यात पंख मिटले. डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग तिला स्पष्ट दिसली.

"हेच," ती म्हणाली.

"हेच," तो म्हणाला. पण तो फुलपाखराकडे बघत नव्हता.

शर्टावरचे डाग काही पूर्ण निघाले नाहीत. त्यावरून रफू फिरवते, असं ती म्हणाली, तर त्याने शर्ट हातातून ओढूनच घेतला आणि सोमवारी तोच घालून गेला.

तो आठवडा तिला संपता संपेना. रविवारी ती गुलखैऱ्याला पाणी घालत होती. कुरतडलेली पानं तिने या वेळी तशीच ठेवली होती.

"हलू नका—" कुंपणापलीकडून आवाज आला.

झारीतलं पाणी पायावर सांडत राहिलं. ती हलली नाही.