लटारूचा वस्तरा

चांद्यात जटपुरा गेटाजवळ इब्राहीमची सान होती. कात्री, विळा, अडकित्ता, कशालाही तो धार लावून द्यायचा. पण जीव होता जुन्या वस्तऱ्यांवर. भंगारात असा एखादा दिसला की गडी जेवण विसरायचा. लटारू न्हाव्याचा विलायती पोलादाचा वस्तराही त्यानेच वरोऱ्याच्या बाजारात, गंजक्या कुलपांच्या ढिगातून शोधून दिला होता.

तोच वस्तरा फडक्यात बांधून एक दिवस लटारूची बायको गुणाबाई आली. लटारू आलापल्लीच्या जंगलात बांबू तोडणाऱ्यांच्या दाढ्या करायला गेला, तो होळीपासून बेपत्ता. नाल्याकाठच्या चिखलात नुसती त्याची हत्यारांची धोकटी सापडली, त्यात हा वस्तरा.

"इब्राहीमभाऊ, अवसेले त्यायले मेलं समजून पुतळा जाळाचा म्हन्ते दीर. याच वस्तऱ्यानं डोस्क्याचे केस उतरवाचे हाय दिराले. साफ करून द्या."

"अन् लटारू परत आला तं?"

"पुतळा जाळल्यावर कोन घेते घरात?" एवढे बोलून तिने पदर तोंडात कोंबला.

इब्राहीमने विटेच्या भुकटीने गंज काढला, जवसाचे तेल दिले, पाते दगडावर घासले, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवले. पाते नुसते टेकताच मनगटावरचा केस तुटला. खुशीत त्याने वस्तरा पेटीत ठेवला.

सकाळी पेटी उघडली तर धार गेलेली. पात्याला दाढीचे ओले खुंट चिकटले होते. बहुतेक काळे, मधे थोडे पांढरे.

बायकोला विचारले, तर नजमा उखडलीच. "तो मैं दाढी बनाती हूँ क्या?"

पुन्हा धार लावली. पेटीला कुलूप घातले, किल्ली कमरेला बांधली. सकाळी पुन्हा तेच, आणि पेटीत कुजक्या पानांचा वास.

मग रोजच. इब्राहीम घाबरला, चांगलाच घाबरला. वस्तरा इरई नदीच्या डोहात फेकावा असेही मनात आले. पण मेलेल्याची दाढी रोज वाढत नाही. त्या विचाराने त्याचा हात थांबला.

अवसेच्या आदल्या दिवशी गुणाबाई दिरासोबत आली. कधी वायदा न चुकवणारा इब्राहीम मान खाली घालून म्हणाला, "नाई झाला. गंज लय खोल हाय. पुढच्या अवसेले या."

"दुसरा वस्तरा घेऊ," दीर चिडला.

गुणाबाई इब्राहीमच्या तोंडाकडे पाहत राहिली. "दुसरा नाई चालत," ती ठामपणे म्हणाली. "त्यायचाच पाह्यजे."

आणि त्याच पंधरवड्यात लटारू आला. हाडांचा सापळा, पण स्वतःच्या पायांनी. वस्तरा घ्यायला नवराबायको सानेवर आले तेव्हा गुणाबाईचे रडणे-हसणे एकच झाले होते. इब्राहीमच्या छातीवरची धोंड उतरली. त्यालाही रडू आवरेना. त्याने सगळ्यांना चहा पाजला.

मग त्याचे लक्ष लटारूच्या गालांकडे गेले.

गुळगुळीत.

"दाढी कोनं केली तुही?"

"जंगलात तापात पडलो होतो, भाऊ. एक बुढा रोज पहाटे करून दे. माह्याच वस्तऱ्यानं. हात थंडगार त्याचा. मंग म्हने, आता माही कर."

"केली?"

"हात कापे माहा. थोडी थोडी करो. अर्धीच राह्यली."

लटारूने वस्तरा उघडला, अंगठ्यावर धार पाहिली आणि हसला.

"गिऱ्हाईक अर्धं सोडत नाई आपन. म्हनलं, चांद्याले चाल. दुकानात बसवून पुरी करून देतो."

इब्राहीमचा कप हातातच राहिला. "मंग?"

"मंग काय? या गेटापर्यंत संगच होता."